एका धर्मप्रचाराचा ताळेबंद

व्यापारी पेढीचे यशापयश ताळेबंदावरून कळते. शाळेचे परीक्षांच्या निकालावरून कळते, असे निदान मानले तरी जाते. परंतु धर्मप्रचाराचे यश कशावरून ठरवावयाचे? किती माणसे नव्या धर्मात आली त्या संख्येवरून, असे उत्तर बहुतेक जण देतील. प्रचाराचे पुरस्कर्ते हेच उत्तर देतात आणि त्याचे कडवे विरोधकही हेच देतात. एरवी कोणत्याही मुद्द्यावर एकमत नसलेले हे दोन पक्ष मोजमापाच्या पट्टीबाबत मात्र एक असतात. ही पट्टी कितपत भरवशाची आहे हे पाहावयाचे असेल, तर या कामाचा अत्यंत काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या एका पंथाकडे वळणे सोयीचे ठरेल.

अमेरिकेतील युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेला हा पंथ ‘मॉर्मन’ या नावाने जगाला ठाऊक आहे. ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे त्याचे खरे आणि लांबलचक नाव. टोपणनाव वापरू नये, असे आवाहन पंथप्रमुखांनी २०१८ साली केले. परंतु लोकांच्या तोंडी बसलेली नावे अशा आवाहनांनी सहसा जात नाहीत. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात पंथाची स्थापना केली. देवदूताने दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ आपण भाषांतरित केला, असा त्याचा दावा होता. १८४४ साली जमावाने त्याची हत्या केली आणि ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायांनी १८४७ साली खाऱ्या सरोवराकाठच्या ओसाड प्रदेशात वस्ती केली. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी या चारही गोष्टी या पंथात वर्ज्य आहेत. चहाचे हे पथ्य पुढे एका निराळ्याच संदर्भात येणार असल्याने ते ध्यानात ठेवावे.

या पंथातील मुलाने वयात येताच २ वर्षे धर्मप्रचारासाठी द्यावीत, अशी अपेक्षा असते. पूर्वी त्यासाठी वयाची १९ वर्षे पूर्ण व्हावी लागत. २०१२ साली ती अट १८ वर आणण्यात आली. मुलींवर तशी सक्तीची अपेक्षा नाही, पण त्याही मोठ्या संख्येने जातात. कोठे जावयाचे हे जाणाऱ्याने ठरवावयाचे नसते. मुख्यालयाकडून पत्र येते आणि सारे कुटुंब भोवती जमून ते पत्र उघडते. त्यात शेजारचे राज्य असेल किंवा ज्याचे नावही कधी ऐकले नाही असे बेट असेल. मग पांढरा सदरा, गळ्यात टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि सोबत एक जोडीदार. हा जोडीदारही नेमून दिलेला असतो आणि त्याच्यापासून क्षणभरही दूर व्हावयाचे नसते. चित्रपट नाही, प्रेमप्रकरण नाही, दूरदर्शन नाही. २०१९ पर्यंत घरी दूरध्वनी करण्याची मुभासुद्धा नाताळ आणि मातृदिन अशी वर्षातून दोनदाच होती. आता ती आठवड्यातून एकदा आहे. रोज उठून अनोळखी माणसांची दारे ठोठवावयाची आणि त्यांतील बहुतेक दारे तोंडावर बंद होताना पाहावयाची, हा तो दिनक्रम.

२०२४ सालाच्या अखेरीस असे ७४ हजारांहून अधिक प्रचारक जगभर विखुरलेले होते आणि त्या वर्षी सुमारे ३ लाख ८ हजार माणसांनी पंथाची दीक्षा घेतली. भागाकार केला तर दर प्रचारकामागे वर्षाला चार माणसे पडतात. हे अर्थात सरासरीचे गणित आहे, आणि सरासरीचा स्वभाव सर्वांना माहीत आहे. आफ्रिकेत वा फिलिपाइन्समध्ये हा आकडा मोठा असतो. युरोपात किंवा जपानमध्ये संपूर्ण २ वर्षांत एकही माणूस न मिळालेले प्रचारक थोडे नसतात. अशा मुलाच्या २ वर्षांचे मोल काय समजावयाचे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आजच्या आकड्यांपेक्षा शतकापूर्वीचे एक उदाहरण अधिक उपयोगी आहे, कारण त्याचा हिशेब आता पुरा झालेला आहे.

योकोहामा, १९०१

१२ ऑगस्ट १९०१ रोजी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज योकोहामा बंदराला लागले. त्यातून चार मॉर्मन प्रचारक उतरले. त्यांचे नेते हीबर ग्रँट हे पंथाच्या बारा ‘प्रेषितां’पैकी एक, वय ४४. सर्वांत लहान होता आल्मा टेलर. युटा सोडताना तो १८ वर्षांचा होता. जहाजावर असतानाच त्याला १९ वर्षे पूर्ण झाली. जपानी भाषेचा एक शब्द त्याला येत नव्हता. भाषा शिकवून प्रचारकांना धाडण्याची पंथाची पद्धत पुष्कळ नंतरची; युटामधील प्रोव्हो येथे तिचा आरंभ १९६१ साली झाला. टेलरच्या काळी माणूस आधी जाई आणि भाषा मागाहून येई, किंवा येतही नसे. ग्रँट यांना ती आली नाही. दोन वर्षे प्रयत्न करून १९०३ साली ते परतले. पंथाच्या एका मोठ्या अधिकाऱ्याला जे साधले नाही, ते या पोरसवदा मुलाने साधले, यात वयाचा भाग किती आणि चिकाटीचा किती हे सांगणे कठीण आहे.

या प्रचारकांचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना करता येईल. जपानी वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली आणि ती विस्ताराने घेतली. परंतु त्यातील मोठा भाग बहुपत्नीत्वाविषयी होता. पंथाने १८९० साली जाहीरनामा काढून बहुपत्नीत्व थांबविले होते. तरीही मॉर्मन म्हणजे अनेक बायका करणारे लोक, ही ख्याती त्यांच्याही आधी बंदरात पोचली होती. स्वतः ग्रँट यांनी तीन विवाह केलेले असल्यामुळे खुलासे करणे फारसे सोपे नव्हते. जी टीका ऐकू आली त्यात जपानमध्ये आधीपासून असलेल्या इतर ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही आवाज होता. एका घरातली भांडणे परक्या गावात जाऊन अधिक मोठ्याने मांडली जातात, हा अनुभव काही एकाच धर्माचा नव्हे.

या पंथाला पूर्वेकडे असे अपयश प्रथमच आले नव्हते. त्याआधी अर्धे शतक त्याचे प्रचारक हिंदुस्थानात येऊन गेले होते, आणि पुण्यातही. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि तेथून पुण्याच्या लष्करात गेला. लष्करी अधिकाऱ्यांचा आणि पाद्र्यांचा विरोध असतानाही त्याने तेथे मूठभर माणसांची एक शाखा उभी केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या सभेत हिंदुस्थानासाठी आणखी प्रचारक नेमण्यात आले. आणि योगायोग असा की, दुसऱ्याच दिवशी त्याच सभेत बहुपत्नीत्वाचे तत्त्व प्रथमच उघडपणे जाहीर करण्यात आले. बिचारे प्रचारक महिनोन् महिने समुद्रप्रवास करून १८५३ साली कलकत्त्यास पोचले, आणि त्यांच्या मागोमाग ही वार्ताही पोचली. त्यांचा प्रचार मुख्यतः इंग्रजीतून आणि मुख्यतः गोऱ्या शिपायांत व कारकुनांत चाले. पलटण हलली की शाखाही हले. १८५५ साली फिंडले परत गेला आणि पुढील वर्षापर्यंत हिंदुस्थानातील हे काम आटोपले. पुण्याच्या इतिहासात या प्रकरणाची नोंद शोधावी लागते. परक्या समाजाच्या भाषेत न शिरता त्याच्याशी बोलू पाहणाऱ्याचे काय होते, याचे ते एक उदाहरण आहे, आणि टेलरने केले ते नेमके याच्या उलट होते.

‘कामी’ आणि ‘त्सुमी’

भाषा शिकणे म्हणजे शब्द पाठ करणे नव्हे, हे भाषांतर करू लागले म्हणजे कळते. टेलरला पहिल्याच पायरीवर जो शब्द हवा होता तो ‘देव’. जपानी भाषेत त्यासाठी ‘कामी’ हा शब्द आहे आणि आधीच्या प्रोटेस्टंट भाषांतरकारांनी बायबलमध्ये तोच रुळविला होता. परंतु शिंतो परंपरेत डोंगर, नदी, जुना वृक्ष, पराक्रमी पूर्वज हे सारेच कामी असू शकतात; त्यांची संख्या परंपरेने ८० लाख सांगितली जाते. एकच एक देव आहे, हे ‘कामी’ या शब्दाने सांगू पाहणारा प्रचारक ऐकणाऱ्याच्या मनातील ८० लाखांत आणखी एकाची भर घालीत असतो. ‘पाप’ या शब्दाची तीच गत. त्यासाठी ‘त्सुमी’ हा शब्द. पण न्यायालयात शाबीत होणारा गुन्हाही त्सुमीच. तुम्ही सारे पापी आहात, असे सांगावयास गेलेल्याला, आम्ही कोणता गुन्हा केला, असा सरळ प्रश्न विचारला गेला तर त्यात विचारणाऱ्याचा दोष नाही. ‘देव’, ‘पाप’, ‘तारण’ हे शब्द मिशनऱ्यांच्या मराठीत कसे अवघडून बसत असत, हे ज्यांनी जुनी ख्रिस्ती पुस्तके वाचली आहेत त्यांना निराळे सांगावयास नको.

पहिला बाप्तिस्मा ८ मार्च १९०२ रोजी झाला. तो घेणारा हाजिमे नाकाझावा हा शिंतो पुरोहित होता. पंथाच्या दृष्टीने ही मोठीच घटना होती. पण हा संबंध पुढे टिकला नाही. एका धर्माच्या पुरोहिताने दुसऱ्या धर्मात येऊन काय खावयाचे, या प्रश्नाला प्रचारकांजवळ उत्तर नव्हते. ते स्वतःच घरच्यांनी पाठविलेल्या पैशांवर राहत होते.

१९०४ साली ‘बुक ऑफ मॉर्मन’चे भाषांतर टेलरकडे सोपविण्यात आले आणि १९०५ साली संपूर्ण जपान मिशनचे प्रमुखपदही. तेव्हा तो बाविशी-तेविशीत होता. त्याचे समवयस्क युटामध्ये शिक्षण संपवून, लग्न करून, धंद्याला लागत होते. हा मात्र टोकियोत बसून शब्द जुळवीत होता. भाषांतर त्याने आधी रोमन लिपीत लिहिले आणि मग ते जपानी लिपीत उतरविण्यात आले. त्यानंतर प्रश्न आला शैलीचा. त्या काळी जपानी गद्यात बोलभाषा आणि ग्रांथिक भाषा यांचा झगडा चालू होता. कादंबरीकार बोलभाषेकडे वळत होते. परंतु धर्मग्रंथाला बाजारातील बोली शोभणार नाही, असे शिष्टांचे मत होते आणि मिशनने ते मानले. ग्रंथ ग्रांथिक शैलीतच सिद्ध झाला.

आपल्या जपानीवर विसंबून राहण्याइतका टेलर अहंमन्य नव्हता. हस्तलिखित तपासून देण्यासाठी तो नामवंतांची दारे ठोठावू लागला. त्यांत नात्सुमे सोसेकी हे होते. विद्यापीठातील अध्यापन सोडून १९०७ साली वृत्तपत्रात गेलेले हे जपानचे थोर कादंबरीकार. त्यांनी स्वतः काम स्वीकारले नाही. पण इकुता चोको या तरुण लेखकाचे नाव सुचविले. इकुताचा पंथाशी काही संबंध नव्हता. त्याने काम घेतले आणि ते चोखपणे केले. याच इकुताने पुढे १९११ साली नीत्शेच्या ‘झरथुष्ट्रा’चे आणि १९१९ साली मार्क्सच्या ‘कॅपिटल’च्या पहिल्या भागाचे जपानी भाषांतर प्रसिद्ध केले. एकाच माणसाच्या लेखणीखालून मॉर्मनांचा धर्मग्रंथ, देव मेला असे सांगणारा तत्त्वज्ञ आणि धर्माला अफू म्हणणारा अर्थशास्त्रज्ञ, असे तिघेही थोड्या वर्षांच्या अंतराने जपानी भाषेत आले. भाषांतर करणाऱ्याची निष्ठा ग्रंथाशी नसून भाषेशी असू शकते, याचे इतके सुरेख उदाहरण विरळाच.

१९०९ साली भाषांतर छापून झाले. प्रती ५ हजार निघाल्या. १९१० च्या आरंभी टेलरने जपान सोडले. वाटेत कोरिया आणि चीन येथे फिरून, तेथे प्रचार करता येईल काय याची पाहणी त्याने केली आणि तो मायदेशी गेला. आला तेव्हा १९ वर्षांचा होता, गेला तेव्हा २७ वर्षांचा. आज ज्या कामाची मुदत २ वर्षांची आहे ते त्याने साडेआठ वर्षे केले.

आकडा १६६

आता हिशेब. १९०१ ते १९२४ या काळात या पंथाने जपानमध्ये ८८ प्रचारक पाठविले आणि १६६ माणसांना दीक्षा दिली. दर प्रचारकामागे, त्याच्या संपूर्ण मुदतीत, दोन माणसेही पडत नाहीत. आणि त्या १६६ पैकी अनेक जण पुढे गळाले. १९२४ साली मिशन बंद करण्यात आले. बंद करण्याचा निर्णय घेणारे पंथप्रमुख होते हीबर ग्रँट, म्हणजे १९०१ साली ज्यांनी ते उघडले तेच.

या अपयशाचे खापर टेलरवर वा त्याच्या सोबत्यांवर फोडणे अन्यायाचे होईल. रशियावरील विजयानंतर जपानचा आत्मविश्वास वाढला होता. पाश्चात्त्यांपासून तंत्र घ्यावे, धर्म घेण्याचे कारण नाही, अशी भावना बळावत होती. त्यात अमेरिकेने आपल्या वागणुकीने भर घातली. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शिक्षण मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत घालण्याचा ठराव केला. १९०७-०८ मध्ये जपानी मजुरांचे अमेरिकेत जाणे ‘सभ्य गृहस्थांच्या करारा’ने रोखण्यात आले. आणि १९२४ च्या कायद्याने जपान्यांना अमेरिकेचे दार पुरतेच बंद झाले. सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे आहेत, हे सांगावयास आलेल्या अमेरिकन तरुणाला टोकियोच्या रस्त्यावर कोणत्या प्रश्नाला तोंड द्यावे लागत असेल, हे सांगण्यास कल्पनाशक्तीची फारशी गरज नाही. प्रचारक देवाचा निरोप घेऊन जातो. पण ऐकणारा त्याच्या हातातील पारपत्रही पाहत असतो.

मग एवढा खर्च करून हे पंथ का चालवितात? अर्थशास्त्रज्ञांना हा प्रश्न पडला आहे. लॉरेन्स इयानाकोन यांनी १९९२ साली त्याचे एक उत्तर मांडले. त्यांचे म्हणणे असे की, धार्मिक संघटनेचे लाभ सामुदायिक असतात. म्हणून तेथे काही न देता सर्व काही घेणाऱ्या फुकट्यांची भीती सर्वांत अधिक. मोठा त्याग मागितला, जगापासून वेगळे दिसण्यास भाग पाडले, की अर्धवट मनाचे लोक आपोआप बाहेर राहतात आणि आत उरतात ते एकमेकांना घट्ट धरून राहतात. या दृष्टीने पाहिले तर २ वर्षे दारोदार हिंडणाऱ्या मुलाने किती माणसे आणली, हा मुद्दा दुय्यम ठरतो. ज्याचे मन पक्के व्हावयाचे असते तो ऐकणारा नव्हे, सांगणारा. शंभरदा नाकारली गेलेली गोष्ट एकशे एकाव्यांदा सांगताना ती आपली स्वतःची होते. शिकविल्याने विषय अधिक पक्का होतो हे कोणत्याही शिक्षकाला मान्य होईल. वर्गाला तो कळला की नाही, हा पुढचा प्रश्न.

खर्चाची व्यवस्थाही अभ्यासण्यासारखी आहे. पूर्वी ज्या कुटुंबाचा मुलगा जपानसारख्या महाग देशात जाई त्याचे कंबरडे मोडे आणि ज्याचा मुलगा स्वस्त देशात जाई तो सुटे. १९९१ पासून पंथाने अमेरिकेतील व कॅनडातील कुटुंबांसाठी सर्वांची वर्गणी सारखी केली. ती एका निधीत जमा होते आणि तेथून जेथे जेवढे लागेल तेथे तेवढे पाठविले जाते. प्रारंभी ही रक्कम महिन्याला ३५० डॉलर होती. जुलै २०२० पासून ५०० झाली. २४ महिन्यांचे १२ हजार डॉलर होतात. त्यात शिक्षणाची वा नोकरीची बुडालेली २ वर्षे धरलेली नाहीत. भिशीच्या आणि विम्याच्या तत्त्वावर चाललेली ही व्यवस्था पाहून कोणीही सहकारी कार्यकर्ता मान डोलावील.

परंतु या हिशेबी चोखपणाची दुसरी बाजूही आहे. आकडा मोजला जाऊ लागला की आकड्यासाठी काम होऊ लागते. १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये मॉर्मन प्रचारकांनी मुलांना बेसबॉलच्या संघात घेण्याच्या निमित्ताने गोळा केले आणि पाहता पाहता त्यांचे बाप्तिस्मे उरकले. खेळावयास आलेल्या त्या पोरांपैकी कित्येकांना आपण कशाची दीक्षा घेतली याचा पत्ताही नव्हता. पुढे नोंदवहीतून ढिगाने नावे कमी करावी लागली. ‘बेसबॉल बाप्तिस्मे’ या नावाने हे प्रकरण पंथाच्याच इतिहासकारांनी नमूद केले आहे, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. १९७६ साली कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’चा आकडा डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडलेल्या आपल्याकडील शिक्षकांना आणि कारकुनांना त्या ब्रिटनमधील तरुण प्रचारकांची मनःस्थिती समजावयास वेळ लागणार नाही.

आणि ज्याला हे झेपत नाही त्याचे काय? आजारामुळे, खिन्नतेमुळे, कधी श्रद्धाच डळमळल्यामुळे काही मुले मुदतीपूर्वी घरी परततात. विमानतळावर वाद्ये आणि फलक घेऊन जमणारे नातेवाईक त्यांच्यासाठी जमत नाहीत. शेजारी कारण विचारतात, किंवा मुद्दाम विचारीत नाहीत, आणि दुसरी गोष्ट अधिक लागते. इयानाकोन यांच्या सिद्धान्तात त्यागाने अर्धवट मनाची माणसे गळतात. पण वीस वर्षांचा मुलगा म्हणजे चाळणीतून खाली पडलेला कोंडा नव्हे. कुटुंब, गाव, विवाह, व्यवसाय हे सारे ज्या पंथात गुंतलेले आहे तेथे अशा मुलाच्या वाट्याला येणारी अपयशाची बोचणी कोणत्याही वार्षिक अहवालात आकड्याने येत नाही. त्यागाची किंमत सर्वांना सारखी करणाऱ्या निधीलाही ती वाटून घेता आलेली नाही.

मागे राहिलेले

जपानकडे पुन्हा वळावयाचे तर १९२४ साली प्रचारक निघून गेले आणि मूठभर अनुयायी मागे राहिले. त्यांच्यापैकी फुजिया नारा हा रेल्वेत नोकरी करणारा गृहस्थ. त्याने विखुरलेल्या मंडळींना एकत्र ठेवण्यासाठी ‘शुरो’ नावाचे एक छोटे नियतकालिक चालविले. मुख्यालय एका महासागराच्या पलीकडे. ना पगार, ना प्रचारक, ना कोणी विचारणारे. पुढे तेही थांबले. १९४५ साली जपान शरण गेल्यानंतर अमेरिकन सैन्यातील एका मॉर्मन अधिकाऱ्याने वृत्तपत्रात जाहिरात देऊन, जुने कोणी अनुयायी असतील तर त्यांनी भेटावे, असे कळविले. नारा भेटावयास गेला. धर्मांतरितांच्या रकान्यात एवढा मनुष्य केवळ ‘१’ या आकड्याने दिसतो.

आल्मा टेलर १९४७ साली मरण पावला. मिशन पुन्हा उघडले ते १९४८ साली, म्हणजे त्याने ते पाहिले नाही. आज जपानमध्ये या पंथाच्या नोंदवहीत सुमारे १ लाख ३० हजार नावे आहेत, जरी दर रविवारी येणारे त्यांपैकी थोडेच असले तरी. टोकियोत १९८० साली पंथाचे मंदिरही झाले. या वाढीतील पहिल्या माणसांपैकी एकाची हकीकत अशी : नोव्हेंबर १९४५ मध्ये नागोयाजवळच्या नारुमी या गावातून तीन अमेरिकन सैनिक चालले होते. एका जपानी कुटुंबाने त्यांना घरात बोलावून चहा पुढे केला. जेत्या सैन्याचे ते शिपाई. पण त्यांनी चहा घेतला नाही. जपानमध्ये पुढे केलेला चहा नाकारणे हे साधे प्रकरण नव्हे. तात्सुई सातो या इंग्रजी जाणणाऱ्या गृहस्थाने त्याचे कारण विचारले. ते तिघेही मॉर्मन होते. त्यांनी कारण सांगितले आणि बोलणे लांबले. ते प्रचारक नव्हते, कोणाला दीक्षा देण्यासाठी आलेले नव्हते, नामपट्टी लावून दारे ठोठावीत नव्हते. ७ जुलै १९४६ रोजी सातो पती-पत्नींनी बाप्तिस्मा घेतला. टेलरची ग्रांथिक जपानी तोपर्यंत तरुण वाचकांना जड वाटू लागली होती. म्हणून ‘बुक ऑफ मॉर्मन’चे नवे भाषांतर करण्याचे काम सातो यांच्याकडे आले, आणि १९५७ साली त्यांच्या भाषांतराने टेलरच्या भाषांतराची जागा घेतली.